माझा घरचा उन्हाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “वर्धापनदिनाला या खेपेस तुम्ही बोलावयाचे. विषय, ‘मी उन्हाळा कसा घालविला’.” मी म्हटले, “अहो, हा तर शाळेतल्या मुलांचा निबंध झाला! माझी शाळा सातवीत संपली. निबंधाला दहापैकी चारांच्या वर गुण मला कधी पडले नाहीत.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच पुन्हा एकदा लिहून बघा.” तेव्हा हा माझा पुरवणी परीक्षेचा निबंध आहे असे समजून आपण सर्वजणी तो गोड मानून घ्याल, अशी आशा आहे.

आपल्या लातूरचा उन्हाळा कसा असतो हे मी आपणांस काय सांगावे? चैत्र लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. काळी जमीन अशी तडकते की भेगेत हात जावा. पारा चाळिशी ओलांडतो, आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. म्हणून लग्न झाल्यापासून चोवीस वर्षे माझा एक नेम होता. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की पिशव्या भरायच्या आणि माहेरी जायचे. माहेरी विहीर आहे, आंब्याची झाडे आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथे मला कुणी “उठ” म्हणत नाही. वर्षातले हे वीस दिवस पदरात पडावेत म्हणून बाकीचे दिवस मी बिनतक्रार ढकलीत असे, असे म्हटले तरी चालेल.

गेल्या उन्हाळ्यात मात्र तो नेम मोडला. महाशिवरात्रीनंतर चार-पाच दिवसांनी सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणले, आणि डॉक्टरांनी सांगितले की तीन महिने जपावे लागेल. चौकटीचा आधार घेऊन चार पावले चालायचे, पायरी चढायची नाही, खाली बसायचे नाही. घरात हे दिवसभर दुकानावर, मुलगी कॉलेजात, मुलगा अकरावीत. म्हणजे आत्याबाईंजवळ राहणारी मी एकटीच. आम्ही सासूबाईंना आत्याबाई म्हणतो.

इथे मी खरे ते सांगते. मला फार राग आला होता. तो आत्याबाईंवर नव्हता, न्हाणीच्या फरशीवर होता, नशिबावर होता. पण राग आंधळा असतो, तो समोर दिसेल त्याच्यावर जाऊन बसतो. शिवाय आमचे दोघींचे कधी भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. “दूध तापवलं का?” “तापवलं.” “मीठ जरा कमी पडलं.” “हो.” चोवीस वर्षांत आमच्यात एवढेच संभाषण झाले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आता त्यांची बाज सोप्यात खिडकीशी मांडलेली, मी समोर, आणि मध्ये ती लांबच लांब दुपार. पहिले आठ दिवस मला वाटे, घड्याळ बंद पडले आहे की काय!

सुरुवात झाली ती खिडकीपासून. खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येई. मी जुने लुगडे बांधले, तर वारा अडला. आत्याबाई म्हणाल्या, “दोडक्याचं बी टाक. वेल चढला म्हणजे ऊनही अडतं आणि वाराही येतो.” फाल्गुनाचे दिवस होते, आणि पेरणीची ती वेळ होतीच. मी फुटक्या बादलीला खाली भोके पाडून तिच्यात काळी माती, थोडी वाळू आणि शेणखत सारखे करून भरले. नुसती आपली काळी माती कुंडीत भरली तर पाणी घातल्यावर चिखल होतो आणि वाळल्यावर वीट होते. म्हणून वाळू हवीच. रात्रभर भिजवलेल्या चार बिया लावल्या. सहाव्या दिवशी कोंब वर आले. खिडकीच्या गजांना सुतळ्या बांधून दिल्या. पुढे महिन्याभरात वेलाने अर्धी खिडकी झाकली. आत्याबाई पडल्या पडल्या काठीने दाखवीत, “तो तंतू इकडं वळव, ते पान पिवळं झालं ते तोड.” माळीणबाई बाजेवर आणि हात माझे, असा आमचा कारभार चालू झाला.

पुढे फुले आली. रोज दहा-पंधरा पिवळी फुले येत आणि सगळी गळून पडत. मला वाटले, वेल वांझ आहे. आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, “ही नर फुलं आहेत. आधी तीच येतात. उन्हाळ्यात तर जास्तच. बाप्ये आधी पानाला बसतात, बाया मागून!” मग आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला मादी फूल दाखविले. त्याच्या देठाशी बोटाएवढा इवलासा दोडका आधीच असतो. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, आणि त्या वेळी आपल्या गल्लीत मधमाशी कुठली? म्हणून दिवेलागणीला नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला भाग मादी फुलात हलकेच फिरवायचा. मी तसे केले. ज्या फुलांना हात लावला त्यांतली बहुतेक धरली. घोसाळ्याचे फूल मात्र सकाळी उमलते, तेव्हा हेच काम त्याच्यासाठी पहाटे करावे लागते. पहिला दोडका कापला त्या दिवशी त्याची भाजी केली आणि शिरांची चटणी केली. भाजी तीच, पण घरात सगळ्यांनी मागून घेतली.

एवढ्यावरून माझा उत्साह वाढला. एके दिवशी मी रोपवाटिकेतून मोगऱ्याचे एक रोप आणले. कळ्या असलेले होते. मोठ्या हौसेने ते आत्याबाईंच्या बाजेजवळ आणून ठेवले. त्यांनी ते पाहिले, आणि तोंड भिंतीकडे केले.

मैत्रिणींनो, आता मला नऊ-दहा वर्षे मागे जावे लागेल. २०१६ सालचा उन्हाळा आपल्यापैकी कोण विसरली असेल? मांजरा धरण कोरडे पडले होते. नळ बंद झाले. पाण्यापाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून टाक्यांच्या आसपास जमावबंदी लावावी लागली. मग मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटर रेल्वेने पाणी आले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी आली. दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी येऊ लागली. पाण्याची गाडी पाहावयास माणसे देवदर्शनाला जावी तशी स्टेशनवर गेली होती.

आमच्या परसात तेव्हा मोगऱ्याचे मोठे झाड होते. आत्याबाईंनी लग्नानंतर आपल्या माहेराहून फांदी आणून ते लावले होते. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा त्यांनी त्याच्याच फुलांचा गजरा माझ्या केसांत माळला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या वाट्याला आठवड्याला एक पिंप पाणी येई. त्यात पाच माणसांचे पिणे, स्वयंपाक आणि सर्व काही. वापरलेले पाणी झाडांना घालावे इतकेही उरत नसे. तुळशीला रोज एक पेला. मोगऱ्याला काही नाही, असे मी ठरविले. दुसरे कुणी ठरविले नाही, मीच ठरविले. कुणाला विचारले नाही. वैशाखात त्याची पाने गळाली, ज्येष्ठात फांद्या कडक झाल्या. पाऊस पडल्यावर मी वाट पाहिली, पण पालवी फुटली नाही. आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ह्यांनी खोड उपटून टाकले, तेव्हाही त्या आतच बसून होत्या. त्यानंतर आमच्या घरी मोगरा आला नाही, आणि मीही तुळशीखेरीज दुसरे झाड लावले नाही. त्यांचे ते न बोलणे मला फार लागले होते. चार शब्द रागाने बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला कितीदा तरी वाटले.

तर त्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे केले, तेव्हा माझ्या छातीत तेच जुने दडपण आले. रोप उचलून परसात ठेवावे असे मनात आले. पण त्या दुपारी मला जाण्यासारखी जागाच नव्हती! माहेर नाही, बाजार नाही, बाहेर ऊन. मग मी तिथेच बसले आणि म्हणाले, “आत्याबाई, तुमचा मोगरा मी मारला. मला पाणी देता आलं असतं. अर्धा तांब्या तरी देता आला असता. मी नाही दिला.”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू कशानं मारलास? मी मारला.” मला काही समजेना. त्या म्हणाल्या, “तू पाणी देत नाहीस ते मला दिसत होतं. पिंपातलं घेऊ म्हटलं तर लेकरांच्या तोंडचं. म्हणून मी रात्री सगळे निजले की धुण्याचं पाणी नेऊन घालायची. सोड्याचं, साबणाचं. आठ-दहा दिवस घातलं. मग पानं करपली. मला वाटलं, तुला कळलंय. म्हणून तू बोलत नाहीस.”

भगिनींनो, इतकी वर्षे आम्ही दोघी एकाच झाडाचा दोष आपापल्या पदरात बांधून एकाच चुलीवर स्वयंपाक करीत होतो! ते झाड तहानेने गेले की सोड्याने, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मला रडू आले. आत्याबाई मात्र रडल्या नाहीत. म्हणाल्या, “आता हे रोप उन्हात कशाला ठेवायलीस? सकाळचं ऊन दे, दुपारचं देऊ नको. आणि या पिशवीत मूळ गुदमरतंय. संध्याकाळी कुंडी बदल.”

त्या दिवसापासून आमच्या बागेला खरी सुरुवात झाली. पाण्याची ओढ आपल्या गावाला नेहमीचीच, तेव्हा कमी पाण्यात झाडे कशी जगविली ते दोन शब्दांत सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी मी एका बादलीत साठवू लागले, ते कुंड्यांना. अंघोळीचे पाणी मोरीकडच्या अळूला आणि कर्दळीला. ती झाडे ते सोसतात. साबण-सोड्याचे धुण्याचे पाणी आणि मिठाचे पाणी कोणत्याही कुंडीला नाही. तो धडा आम्ही शिकलोच होतो. पाणी सूर्य उगवण्यापूर्वी किंवा मावळल्यावर घालावे. भर उन्हात घातलेले अर्धे पाणी वाऱ्यालाच जाते.

दुसरी युक्ती मडक्याची. कुंभाराकडून लहान कोरे मडके आणावे. रंग दिलेले किंवा चकाकीचे चालत नाही, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात ते गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. माती कोरडी पडली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. झाडाला लागेल तेवढेच पाणी मिळते. आमचे मडके वैशाखात तीन दिवसांनी भरावे लागे. आधी रोज दोनदा पाणी घालूनही जी मिरची माना टाकीत असे, ती मडके पुरल्यावर ताठ उभी राहिली.

तिसरी गोष्ट मातीवर पांघरूण. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडे फुकट मिळतात, ती मी मोठ्या चतुराईने आणून कुंड्यांत पसरली. दुसऱ्या दिवशी बघते तो मुंग्यांची जत्रा! आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांचा खुबा दुखला. मग चिपाडे धुऊन चार दिवस कडक उन्हात वाळविली आणि कुटून पसरली, तेव्हा मुंग्या आल्या नाहीत आणि माती सायंकाळपर्यंत ओलसर राहू लागली. गोड वस्तूला आधी ऊन दाखवावे, एवढे यातून मी शिकले.

सकाळ-संध्याकाळ अशी बागेत जाई. दुपारसाठी आम्ही गोधडी काढली. माझ्या ट्रंकेत आत्याबाईंची पाच जुनी सुती लुगडी होती. हल्लीच्या नायलॉनच्या साड्या गोधडीला घेऊ नयेत. सुई सरकते, थर एकमेकांवरून घसरतात आणि पांघरल्यावर उकडते. सोप्यात लुगडी एकावर एक पसरली, चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले, लांब टाके घालून थर पक्के केले आणि वर मुलांच्या लहानपणच्या फ्रॉक-सदऱ्यांचे तुकडे लावले. मग कडेपासून धावदोरा घालीत चौकोनातून चौकोन आत आत यायचे. आत्याबाईंना खाली बसता येत नव्हते, म्हणून गोधडीची एक बाजू त्यांच्या मांडीवर आणि दुसरी बाजू खाली माझ्यापाशी, असे आम्ही शिवीत असू. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचे दिसते, पण सुईत दोरा जात नाही. सकाळी कॉलेजला जाताना मुलगी वीस सुया ओवून उशीला टोचून जाई.

आठवड्याने माझ्या ध्यानात आले की माझी बाजू काही पुढे सरकत नाही. काल घातलेली ओळ आज दिसत नसे. एके दिवशी पहाटे उठून पाहिले, तर आत्याबाई बाजेवर बसून माझे टाके उसवीत होत्या! मी म्हटले, “हे काय?” त्या जराही न ओशाळता म्हणाल्या, “टाका तांदळाएवढा पाहिजे. तुझा हरभऱ्याएवढा पडतो. रात्री पाय दुखला की झोप येत नाही, मग तेवढंच काम.” मला हसावे की रडावे कळेना. पण त्यानंतर माझा टाका तांदळाएवढा नाही, तरी तुरीएवढा झाला.

शिवता शिवता त्या काहीतरी पुटपुटत. एके दिवशी मी कान देऊन ऐकले, तर ती जात्यावरची ओवी होती. मी विचारले, “पुढं काय?” तर गप्प. “आठवत नाही. जात्यावर बसल्याशिवाय ओवी येत नाही.” आमचे जाते तर परसात पायरी म्हणून पडलेले. पिठाची गिरणी आली आणि जाते गेले, पण जात्याबरोबर ओव्याही गेल्या, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. दोन दिवसांनी मी वही-पेन घेऊन बसले. त्या म्हणाल्या, “कशाला लिहायलीस? त्याला कोण वाचणार?” मी म्हटले, “मी वाचीन.” त्यांनी प्रयत्न केला. पहिली ओळ आली, दुसरी येईना. मग त्यांनी एकदम माझा पेनाचा हात मनगटाशी धरला आणि खुंटा धरल्यासारखा गोल गोल फिरवू लागल्या. आणि मैत्रिणींनो, ओवी आली. एकामागून एक येऊ लागली. पहिली देवाची, मग आई-बापाची, मग भावाची, मग लेकीच्या सासरची. माझा हात त्यांच्या हातात असल्यामुळे मला लिहिता मात्र येईना! शेवटी मुलीने मोबाईलवर आवाज भरून घेण्याची युक्ती दाखविली. दुपारी हात फिरवायचा आणि रात्री ऐकून वहीत उतरवायचे, असा क्रम पडला.

लिहिताना मी आधी त्यांची भाषा शुद्ध करीत असे. त्या वाचून दाखवावयास सांगत आणि म्हणत, “हे माझं नाही.” तेव्हापासून जसे त्या म्हणतात तसेच लिहिते. मला माझ्या अक्षराची लाज वाटे. पण मुलीने सांगितले की बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताच येत नव्हते. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांनी ती गाणी उतरून ठेवली म्हणून ती उरली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले. ते त्यांनी पाहिले नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतेवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतल्या कितीतरी आता मोबाईलवरही ऐकावयास मिळतात. हे ऐकल्यावर माझ्या मनात आले, त्या लाखात आत्याबाईंच्या नसतील. त्या लिहिणे माझ्याच वाट्याला आलेले आहे.

ओव्यांत एक त्यांनी स्वतः रचलेली निघाली. त्यांच्या सासूबाईंवर होती. ती मी इथे म्हणून दाखवीत नाही, कारण त्यांनी मला तशी शपथ घातली आहे. एवढेच सांगते की ती ऐकल्यावर मला कळले, या घरात उन्हाळ्यात माहेरासाठी जीव टाकणारी मी काही पहिली सून नव्हे. त्यांना तर पाच-पाच वर्षे माहेर दिसत नसे. मोगऱ्याची फांदी त्यांनी का आणली होती, तेही तेव्हाच कळले.

मृग लागला. पहिल्या पावसाच्या आधी गोधडी मधोमध येऊन संपली. डॉक्टरांनी पाय तपासून काठी वापरावयास परवानगी दिली. आत्याबाई पहिल्यांदा परसात गेल्या त्या मोगऱ्याच्या कुंडीपाशी. त्याने उन्हाळ्यात मोजून एकवीस फुले दिली होती. त्या म्हणाल्या, “हे फुलणं त्याचं नाही, रोपवाटिकेतलं आहे. पौष-माघात पाणी तोडून ताण दे, मग छाटणी कर, खत घाल. पुढच्या चैत्रात येतील ती फुलं तुझी.”

आत्याबाई बदलल्या असे आपण समजू नये. मीठ अजूनही कमीच पडते. माझा टाका अजूनही वाकडा आहे. मीही काही फार गुणाची झाले नाही. दिवाळीत माहेरी जाऊन आठ दिवस मनसोक्त लोळून आले. पण आता दुपारी ओट्यावर काम आटोपले की माझे पाय आपोआप सोप्यात वळतात. वहीत आजपर्यंत त्र्याण्णव ओव्या झाल्या आहेत. हल्ली त्या एखादी ओवी दोनदा सांगतात आणि आधी सांगितल्याचे विसरतात. मी “ही झाली” असे म्हणत नाही, पुन्हा लिहिते. काही वेळा दुसऱ्या खेपेला एखादी ओळ निराळी येते. घाई करावयास हवी हे मला कळते, आणि ओवी घाईने येत नाही हेही कळते. ही एकच काळजी सध्या मला आहे.

आपण बायका म्हणतो, छंदाला वेळ कुठे आहे? मीही म्हणत होते. हा उन्हाळा मी मागितला नव्हता, तो माझ्या गळ्यात पडला. तेव्हा वेळ काढा असा उपदेश मी कुणाला करणार नाही. प्रत्येकीच्या घरची घडी प्रत्येकीलाच ठाऊक. फक्त मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवते. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी एखादी म्हातारी आई, सासू, आजेसासू, मावशी आहे. पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येकीने एक शंभर पानी वही घालावी. अक्षर कसे का असेना. ओवी असेल तर ओवी, पाळणा असेल तर पाळणा, नाहीतर कुरडईचे गहू किती दिवस भिजवायचे तेवढे तरी लिहावे. पुढच्या वर्धापनदिनाला सगळ्या वह्या इथे या टेबलावर मांडू. माझ्या वहीला शेजारी मिळतील.

आणि येताना मोगऱ्याच्या फांद्याही मागून घ्याव्यात. छाटणीत निघतील त्या मी ओलसर वाळूत ठेवीन आणि पावसाळ्यात मुळे धरली की ज्यांना हव्या त्यांना देईन. फक्त एक वचन द्यावे, धुण्याचे पाणी घालणार नाही!

 बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी. आत्याबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. निबंधाला गुण किती ते त्या घरी गेल्यावर सांगतीलच.

जय हिंद.